तेरची हस्तिदंती मूर्ती आणि तिचे हरवलेले घर

धाराशिव शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी, तेर हे गाव वसले आहे. उभा महाराष्ट्र ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतो. गोरोबांच्या समाधीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या भाविकांपैकी थोडेच लोक गावातील शासकीय वस्तुसंग्रहालयाकडे वळतात. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच रहिवाशाने वर्षानुवर्षे वेचून जमविलेल्या प्राचीन वस्तूंचा हा संग्रह असून त्यांचेच नाव संग्रहालयाला देण्यात आले आहे. वीस हजारांहून अधिक वस्तू तेथे आहेत. मणी, बांगड्यांचे तुकडे, पांढऱ्या मातीच्या मूर्ती, रोमन धाटणीचे मातीचे दिवे, रोमन नाण्यांच्या छापावरून बनविलेली मातीची पदके असा तो सारा पसारा आहे. पण त्यात अभ्यासकांचे लक्ष सर्वाधिक वेधून घेतले ते एका लहानशा हस्तिदंती स्त्रीमूर्तीने.

या मूर्तीची एक बहीण इटलीत आहे. व्हेसुव्हियस पर्वताच्या पायथ्याशी असलेले पॉम्पेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, हे आपण शाळेत वाचलेले असते. तेथील एका घरात १९३८ साली आमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. उंची सुमारे पंचवीस सेंटीमीटर. अंगावर भरगच्च दागिने, पाठीवर लांब वेणी आणि दोन्ही बाजूंस दोन लहान दासी. मूर्ती भारतीय आहे हे पाहताक्षणीच कळले. मायुरींनी तिला 'लक्ष्मी' म्हटले. पुढील अभ्यासकांना ती यक्षी असावी असे वाटले. आणि तिच्या डोक्यातून खाली गेलेले भोक पाहता ती पूजेची मूर्ती नसून आरशाची मूठ अथवा एखाद्या नक्षीदार आसनाचा किंवा मंचकाचा भाग असावी, असाही तर्क निघाला. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. घडणीत, दागिन्यांत व उभे राहण्याच्या ढबीत तेरची मूर्ती तिच्याशी मिळतीजुळती आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७३ च्या उत्खननात याच जातीची एक खंडित मूर्ती मिळाली. त्यामुळे पॉम्पेईची ही स्त्री आपल्या दख्खनच्या कारागिरांच्या हातून घडली असावी, असे मानणाऱ्या विद्वानांचे पारडे जड झाले. मात्र तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतील खूण आहे आणि ती लिपी वायव्य भारताची. म्हणून तेरकरांनी व आम्हीही आपला अभिमान थोडा आवरता घ्यावा, हे बरे.

दोन सहस्र वर्षांपूर्वी तेरचे नाव तगर होते. एका अनामिक ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर ही दक्षिणेतील दोन मोठी व्यापारी शहरे म्हणून नोंदली आहेत. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून साधे जाडेभरडे कापड, तलम वस्त्रे व इतर माल गाड्यांतून, अत्यंत वाईट वाटांनी भडोचला जाई. (वाटांविषयीची त्याची तक्रार वाचताना आमच्या जिल्ह्यातील वाचकांना परकेपणा वाटणार नाही.) हे तगर नेमके कोठले, यावर एकोणिसाव्या शतकात पुष्कळ वाद झाले. कोणी दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर, डॉ. रा. गो. भांडारकरांनी धारूरचे नाव सुचविले होते. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे साधार मांडले आणि तो वाद बहुतांशी मिटला.

भडोचहून निघालेला माल अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रावरील मिसरी बंदरांत उतरे. तेथून उंटांवरून वाळवंट पार करून नाईल नदीला मिळे, नदीतून अलेक्झांड्रियाला येई आणि तेथील मोठ्या गलबतांतून इटलीला जाई. बेरेनिके या मिसरी बंदराच्या उत्खननात भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळाले आहेत; ते तगरचेच, असे म्हणण्यास आधार नाही. अलेक्झांड्रियाच्या गलबतांचे इटलीतील एक मुख्य बंदर होते पुत्युली.

हे नाव वाचून आपल्या वाचकांना काही आठवले असेल. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात संत पौल बंदिवान म्हणून रोमला नेला जात असता माल्टा बेटावर हिवाळा काढलेल्या एका अलेक्झांड्रियाच्या गलबतातून याच पुत्युलीला उतरतो. त्या गलबतावर जुळ्या देवांचे चिन्ह होते, एवढा तपशीलही संत लूक देतो. पुत्युलीत पौलाला बंधुजन भेटतात आणि त्यांच्या आग्रहावरून तो सात दिवस तेथे राहतो. हा काळ सुमारे इ. स. ६० ते ६१ चा. पुत्युली आणि पॉम्पेई ही एकाच उपसागराच्या काठावरची गावे. म्हणजे ज्या वाटेने तगरचे कापड आणि कदाचित ती हस्तिदंती स्त्रीही गेली, तिच्या अखेरच्या टप्प्यावर तशाच एका गलबतातून शुभवर्तमानही इटलीच्या किनाऱ्याला लागले. सेमिनरीत असताना आम्ही हा अध्याय कित्येकदा वाचला. परंतु त्या गलबताच्या तळाशी काय माल होता, हा प्रश्न आम्हाला तेव्हा कधी पडला नाही. तो तेरच्या संग्रहालयात पडला.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. पॉम्पेईच्या मूर्तीला घर आहे. ती ज्या घरात सापडली ते घरच तिच्या नावाने, 'भारतीय मूर्तीचे घर' म्हणून, ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात जुझेप्पे फियोरेल्ली या अधिकाऱ्याने साऱ्या नगराचे विभाग पाडले, विभागात घरांचे गट केले आणि गटातील प्रत्येक दाराला क्रमांक दिला. त्या पद्धतीने हे घर पहिल्या विभागातील आठव्या गटातले पाचव्या दाराचे होय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घराला आज टपालाचा पत्ता आहे! तेरच्या मूर्तीला मात्र असा पत्ता नाही. लामतुरे यांच्यासारखा जाणता माणूस गावात नसता तर ती वाचलीच नसती, हे खरे. परंतु पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की वस्तू उघड्या पडत आणि त्या वेचल्या जात. कोणती वस्तू कोणत्या भिंतीजवळ, कोणत्या थरात, कोणत्या भांड्याशेजारी पडली होती, हे सांगणारे कोणी उरले नाही. शिवाय मराठवाड्यात माळवदावर टाकण्यासाठी आणि शेतात घालण्यासाठी जुन्या पांढरीची माती उकरून नेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. सातवाहनकाळातील घरे अशा रीतीने पुढच्या लोकांच्या छपरांवर जाऊन बसली. त्यात कोणाचा दोष नाही. ऊन आणि पाऊस अडविण्यास ती माती उत्तम.

वस्तूचा पत्ता ठाऊक असण्याने काय साधते, हे पॉम्पेईत संगणकाच्या साहाय्याने गेल्या काही दशकांत झालेल्या कामावरून कळते. पेनेलोपी ॲलिसन या विदुषींनी पॉम्पेईतील तीस मोठी घरे निवडली आणि उत्खननाच्या जुन्या रोजनिशांतून प्रत्येक खोलीत कोणकोणत्या वस्तू मिळाल्या, याची टिपणे काढून त्यांचा संगणकीय कोश तयार केला. २००४ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि कोश सर्वांना पाहण्यासाठी खुला करण्यात आला. तोवर पुस्तकी समज अशी होती की, इ. स. पूर्व पहिल्या शतकातील वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने खोल्यांना जी नावे दिली, त्याप्रमाणेच रोमन माणूस जगत होता. दर्शनी चौकात यजमानाने आश्रितांना भेटावे, भोजनगृहात भोजन व्हावे, शयनगृहात निद्रा घ्यावी. पण वस्तूंची यादी वेगळेच सांगू लागली. त्या भारदस्त दर्शनी चौकात कपाटे निघाली, पेट्या निघाल्या, हातमागाला ताण देण्यासाठी बांधायची मातीची वजने निघाली. अर्थात जेथे यजमान मुजरे घेत होता, तेथेच घरातली बायामाणसे कापड विणत होती आणि संसाराचे किडुकमिडुक ठेवत होती.

आमच्या मते ॲलिसनबाईंचे म्हणणे समजण्यास मराठी माणसाइतका योग्य वाचक दुसरा नाही. आपल्या वाड्यात ढेलज, ओसरी, सोपा, माजघर, परस ही नावे ठरलेली. परंतु नावावरून घराचा संसार कळेल काय? माजघरात धान्याच्या कणग्या असतात, पाळणा टांगलेला असतो, उतरंड असते, दुपारी तेथेच बायकांची वामकुक्षी होते आणि पाहुणे आले की रात्री पुरुषांची अंथरुणे पडतात. ओसरीवर सकाळी सावकारी चालते आणि संध्याकाळी शेंगा फोडल्या जातात. उद्या कोणी केवळ नकाशावर खोल्यांची नावे लिहून आपले घर समजल्याचे सांगू लागला तर आपण हसू. रोमन घराचे मात्र शेकडो वर्षे असेच चालले होते.

दुसरे काम स्वीडिश मंडळींचे. रोममधील स्वीडिश संस्थेने २००० साली पॉम्पेईच्या पाचव्या विभागातील पहिल्या गटाचा अभ्यास हाती घेतला. पुढे लुंड विद्यापीठातील संशोधकांनी त्या गटाचे लेझर किरणांनी मोजमाप केले. यंत्रातून किरण भिंतीवर पडतो, परत येतो आणि त्यावरून त्या बिंदूचे अंतर कळते. असे कोट्यवधी बिंदू एकत्र आले की भिंतीची हुबेहूब त्रिमिती प्रतिमा संगणकात उभी राहते. त्या गटातील केसिलियुस युकुंदुस या सावकाराच्या घराची त्रिमिती पुनर्रचना २०१६ मध्ये लोकांपुढे आली. १८७५ मध्ये याच घरात त्याच्या व्यवहारांच्या दीडशेहून अधिक लाकडी पाट्या सापडल्या होत्या. म्हणजे माणसाचे नाव ठाऊक, धंदा ठाऊक आणि आता घरही पाहता येते. त्याच गटातील दुसऱ्या एका घराच्या बाबतीत तर लुंडच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला की, डोळ्यांवर यंत्र चढविलेल्या माणसांना त्या संगणकीय घरातून फिरविले आणि त्यांची नजर कोठे खिळते, कोणत्या चित्रावर थांबते, हे टिपले. दिवसाच्या निरनिराळ्या वेळी प्रकाश कोठून येतो, तोही त्या घरात आणला होता. दारात पाऊल टाकणाऱ्या पाहुण्यावर आपल्या वैभवाची छाप कशी पाडावी, याचा हिशेब घर बांधणाऱ्याने कसा केला होता, हे त्यावरून उलगडू लागते.

युकुंदुसच्या घरातील एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. इ. स. ६२ च्या सुमारास, म्हणजे ज्वालामुखीच्या आधी सुमारे सतरा वर्षे, पॉम्पेईला मोठा भूकंप झाला होता. युकुंदुसच्या देवघरावर त्या भूकंपाचे संगमरवरी कोरीवकाम होते. त्यात चौकातले मंदिर कललेले दाखविले आहे. ज्या संकटातून निभावलो त्याचे चित्र माणसाने देवापाशी ठेवले. ॲलिसनबाईंनीही बजावले आहे की, राखेखाली मिळालेली घरे ही सुखाने नांदणारी घरे समजू नयेत. त्यांत दुरुस्त्या चालू होत्या, सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलविलेले होते. भूकंपानंतर घर कसे होते, हे आमच्या जिल्ह्याला कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. त्याकडे पुढे येऊ.

तत्पूर्वी यंत्राच्या मोहाविषयी, किंबहुना आपल्याच मोहाविषयी, एक गोष्ट सांगणे भाग आहे. ज्या १९३८ साली मायुरींना पॉम्पेईत ती भारतीय मूर्ती मिळाली, त्याच साली शेजारच्या हर्क्युलेनियम नगरात एका घराच्या माडीवरील लहान खोलीत भिंतीच्या गिलाव्यात क्रुसाच्या आकाराचा खड्डा दिसला. खाली एक लहानसे लाकडी कपाट होते. मायुरींनी तो ख्रिस्ती क्रूस मानला. इ. स. ७९ पूर्वीचा क्रूस आणि त्याच्या पायथ्याशी जणू वेदी! जगभरच्या आपल्या नियतकालिकांना त्याचा केवढा आनंद झाला असेल. आम्हालाही सेमिनरीत ते छायाचित्र दाखविण्यात आले होते आणि खोटे कशाला बोला, आमचे डोळे पाणावले होते. पण आज बहुतेक अभ्यासक ती खूण भिंतीत ठोकलेल्या फळीची किंवा कपाटाच्या आधाराची मानतात. क्रुसाचे चिन्ह पूजेसाठी वापरण्याची चाल त्या काळी रूढ झाल्याचा दुसरा पुरावाही नाही. पौलाला पुत्युलीत बंधुजन भेटले, ही गोष्ट त्यामुळे काडीइतकीही उणी होत नाही. तिला त्या फळीचा टेकू नकोच होता.

पॉम्पेईतील 'सोन्याच्या कड्याच्या घरात' सापडलेल्या मृतांविषयीही असेच झाले. हातात जड सोन्याचे कडे आणि अंगावर लहान मूल, एवढ्यावरून ती आई ठरली होती आणि सोबतचे सारे एक कुटुंब. २०२४ मध्ये अस्थींतील जनुकीय द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली; 'आई' पुरुष निघाली आणि त्या मुलाशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटी मारून कोणते मडके कच्चे हे पाहिले, अशी तेरची प्रसिद्ध कथा आहे. अभ्यासकाच्या हाती ती थापटी हवी आणि ती त्याने आधी आपल्या डोक्यावर मारून पाहावी.

उलटपक्षी, जे पाहण्याची आपली इच्छा नसते तेही ही साधने दाखवितात. पॉम्पेईच्या वेशीबाहेर चिव्हिता जुलियाना येथील एका श्रीमंत घरात २०२१ मध्ये गुलामांची खोली उजेडात आली. सुमारे सोळा चौरस मीटर जागा; त्यात तीन बाजा, एक लहान, बहुधा मुलाची; कोपऱ्यात मातीचे रांजण आणि उंचावर एक झरोका. फिलेमोनला लिहिलेले पौलाचे पत्र आम्ही मिस्सेत वाचतो. फिलेमोनच्या घरी ख्रिस्तसभा भरत असे आणि त्याच घरातून ओनेसिम पळाला होता. ओनेसिम रात्री कोठे निजत असेल, याचे उत्तर आता चित्रासह मिळू लागले आहे. पत्र वाचताना ती तिसरी, तोकडी बाज आठवल्यावाचून राहत नाही.

मग तेरचे काय? तेरच्या संग्रहातील प्रत्येक वस्तूची त्रिमिती प्रतिमा घेण्यासाठी आता लेझरच हवे असे नाही. वस्तूभोवती फिरून एकमेकांवर थोडी थोडी चढणारी शे-दीडशे छायाचित्रे काढली की संगणक त्यांतील समान बिंदू जुळवून आकार उभा करतो. हे काम साध्या मोबाईलवरही जमते. तेर, भोकरदन आणि नेपल्स येथील तिन्ही मूर्ती अशा रीतीने एका पडद्यावर शेजारी शेजारी ठेवता आल्या, तर हत्याराच्या खुणा, भोकाचा व्यास, दागिन्यांची घडण यांची तुलना कोणतीही मूर्ती जागची न हलविता करता येईल. मातीचे दिवे कोणत्या साच्यातून निघाले, पदकांचा छाप कोणत्या नाण्याचा, हेही त्यावरून ताडता येईल. एवढे यंत्र देऊ शकते. पण ती मूर्ती कोणाच्या कोनाड्यात होती, कारागिराच्या पेटीत होती की व्यापाऱ्याच्या गाठोड्यात, हे ते सांगू शकणार नाही. जे टिपलेच गेले नाही ते संगणक कोठून आणणार? १९५७-५८ मध्ये बी. एन. चापेकर यांनी तेरला शास्त्रशुद्ध उत्खनन केले, पुढेही काही खेपा झाल्या. त्यांतील वस्तूंना निदान थर आणि खड्डा ठाऊक आहे. म्हणून तेरच्या घराचा शोध घ्यायचा तर चकचकीत मूर्तीपेक्षा या उत्खननांतील खापरांच्या नोंदींपासून आरंभ करावा लागेल, असे आमचे मत आहे. सुंदर वस्तूचे चित्र काढण्यास सारे धावतात. खापराच्या चिठ्ठीवरील अक्षर लावण्यास कोणी बसत नाही. धर्मग्रामाची नोंदवही सांभाळणाऱ्या माणसाला याचे मोल थोडे अधिक कळते. बाप्तिस्म्याच्या वहीत एक तारीख राहिली तर तीन पिढ्यांनंतर कोणाचे तरी लग्न अडते.

आता भूकंपाविषयी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारी परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून गावे उशिरा निजली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. आमच्या जिल्ह्यात सास्तूर व आसपासच्या गावांनी सर्वाधिक सोसले. आम्ही त्या वेळी सेमिनरीचे विद्यार्थी होतो आणि मदतीच्या तुकडीबरोबर आलो होतो. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर माळवदाचा मातीचा भार. सारे आत कोसळलेले. एका ठिकाणी ढिगाऱ्यात उतरंडीतली मडकी एकावर एक जशीच्या तशी उभी होती आणि तिच्याभोवती घर म्हणावे असे काहीही उरले नव्हते. आम्ही ती पाहिली आणि पुढे गेलो. त्या दिवसांत जिवंत माणसे शोधायची होती, मृतांना अग्नी मिळवून द्यायचा होता. मडक्यांची जागा कोण टिपून ठेवणार?

पुढे पन्नासांहून अधिक गावे नव्या जागी वसविली गेली. सरळ रस्ते, ओळीत घरे, सिमेंटच्या भिंती. ते आवश्यकच होते. त्या भिंतींखाली मुले निर्धास्त झोपतात. पण पॉम्पेईचे घर दोन हजार वर्षांनी दाराच्या क्रमांकासह संगणकात उभे राहते आणि आमच्याच जिल्ह्यातील एक घर तीस वर्षांत स्मरणातून पुसले जाते, ही गोष्ट आम्हाला स्वस्थ बसू देईना. बळद म्हणजे काय, हे आज त्या गावांतील शाळकरी मुलांना विचारून पाहावे. भिंतीच्या पोटात धान्य साठविण्याची ती जागा होती, हे सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या दोन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक छोटा प्रयत्न केला. लोहारा तालुक्यातील एका पुनर्वसित गावात ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहतात. त्यांचे जुने घर भूकंपात गेले. मुलांनी आसपासच्या गावातील एका उभ्या राहिलेल्या माळवदाच्या घराची मापे घेतली, छायाचित्रे काढली आणि आजींच्या सांगण्यावरून संगणकावर त्यांचे घर रचले. ढेलज, ओसरी, माजघर, बळद, परसातला रांजण, कोनाड्यातला दिवा. आम्हीही सोबत होतो. सांगणाऱ्याचे स्मरण हा उत्खननाचा थर नव्हे, हे आम्हाला कळते. तिसांहून अधिक वर्षांत आठवण आपल्या जागा बदलते. तरीही ॲलिसनबाईंकडे रोजनिशी होती, तशी आमच्याकडे आजी होत्या.

चित्र पूर्ण झाल्यावर मुलांनी ते आजींपुढे धरले. त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिले.

"समदं बराबर हाय, फादर," त्या म्हणाल्या, "पर जातं हितं नव्हतं. जातं ओसरीवर. पहाटं दळायचं, तवा माजघरात लेकरं झोपलेली असायची. उठली असती की."

मुलांनी जाते उचलून ओसरीवर नेले. माजघरातला तो कोपरा रिकामा झाला. तेथे काय ठेवायचे, कणगी की पेटी, असे त्यांनी विचारले.

"काई नगं," आजी म्हणाल्या. "तितं माजी सासू बसायची."